जमिनीखाली उतरण्याआधी

मेघालयाची सहल ठरवताना मराठी घरांत पहिला विचार होतो तो शाळेच्या सुट्टीचा. परीक्षा संपल्या की एप्रिल-मे मोकळा, म्हणून विमानाची तिकिटे तेव्हाची. शिलाँग, चेरापुंजी, डावकी, झाडांच्या मुळांचे पूल हे सगळे आठ दिवसांत बसवले जाते. अलीकडे या यादीत गुहांचीही भर पडली आहे. मावस्माईसारखी दिवे लावलेली, अर्ध्या तासात पाहून होणारी गुहा तर असतेच. पण सह्याद्रीत दहा-वीस किल्ले पायाखाली घातलेल्या तरुण मंडळींना त्यापुढचे हवे असते. कमरेइतक्या पाण्यातून, कधी पोटावर सरपटत जायच्या खऱ्याखुऱ्या गुहा. आणि तिथला स्थानिक वाटाड्या बोलता बोलता पलीकडच्या डोंगरातल्या बंद कोळसा खाणींचा विषय काढतो, तेव्हा त्याही ‘बघून येऊ’ असे कोणी तरी म्हणतेच.

यातली पहिली इच्छा योग्य महिन्यात आणि योग्य तयारीने पुरी करता येते. दुसरीसाठी योग्य महिना वर्षात एकही नाही. या दोन्हींतला फरक घरी बसून, तिकिटे काढण्याआधीच समजून घ्यायला हवा.

महाराष्ट्रात ‘गुहा’ म्हटले की डोळ्यांपुढे अजिंठा, कार्ले, भाजे येतात. ती लेणी, माणसाने कातळ फोडून केलेली, कोरडी, तोंडाशी उजेड असलेली. आपला कातळ बेसॉल्टचा. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मैलोन्‌मैल आत जाणाऱ्या नैसर्गिक गुहा आपल्याकडे जवळपास नाहीतच. मेघालयाच्या दक्षिण उतारावर चुनखडी आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीच्या भेगांतून मुरताना ती विरघळवत जाते. लाखो वर्षे हे चालले की भेगेची नळी होते, नळीचा बोगदा होतो. लियाट प्राह ही तिथली गुहा ३० किलोमीटरहून लांब मोजली गेली आहे. (खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, नकाशावर हा शब्द जागोजाग दिसेल.) क्रेम पुरी ही वालुकाश्मातली गुहा २४ किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा म्हणून ती ओळखली जाते.

म्हणजे गुहा ही डोंगरातली रिकामी खोली नव्हे, ती डोंगराचा नाला आहे. पाण्याने तो खोदला आणि पाऊस आला की पाणी पुन्हा त्यातूनच जाते. चेरापुंजीत जून १९९५ मध्ये ४८ तासांत २,४९३ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. मुंबईत सबंध पावसाळ्यात साधारण एवढा पडतो. हे टोकाचे उदाहरण झाले, पण त्या भागात जोराच्या सरी जूनची वाट पाहत नाहीत. एप्रिल-मेमध्येच त्यांना सुरुवात झालेली असते. आणि गुहेत असलेल्या माणसाला पाऊस दिसत नाही, ऐकूही येत नाही. पठारावर दोन-तीन किलोमीटर दूर कोसळलेली सर जमिनीतल्या खळग्यांतून आत उतरते आणि काही वेळाने गुहेत गुडघाभर असलेले पाणी छताला टेकते. तेव्हा तोंडाशी लख्ख ऊन पडलेले असू शकते.

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत हेच झाले. २३ जून २०१८ रोजी फुटबॉलचा सराव आटोपून १२ मुले आणि त्यांचा २५ वर्षांचा प्रशिक्षक सहज म्हणून आत गेले. तोंडाशी पाटी होती, जुलै ते नोव्हेंबर आत जाऊ नये अशी. जून संपायला आठवडा बाकी होता. मुले पाटी मोडून गेली नव्हती. त्या वर्षी पाऊस पाटीच्या आधी आला, एवढेच. ती सापडली २ जुलैला, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. पाणी उपसण्यासाठी जगभरातून माणसे गेली. त्यात किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते. मुले बसली होती त्या कोपऱ्यातल्या हवेतला ऑक्सिजन १५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. अखेर गुंगीचे औषध देऊन, चेहऱ्यावर ऑक्सिजनचा मुखवटा बसवून एकेकाला पाण्याखालून बाहेर आणले गेले. सगळी मुले वाचली. थायलंडच्या नौदलाचा एक माजी जवान मात्र आत टाक्या पोहोचवून परतताना गेला आणि त्या मोहिमेत संसर्ग झालेला दुसरा जवान दीड वर्षाने गेला.

त्यामुळे मेघालयातल्या गुहांसाठी तारीख ठरवायची ती नोव्हेंबर ते मार्च या काळातली. तिथल्या गुहांचे नकाशे तयार करणाऱ्या मोहिमा १९९२ पासून चालल्या आहेत आणि त्या सहसा फेब्रुवारीच्या सुमारास निघतात, यात सगळे आले. मुलांच्या सुट्टीशीच सांगड घालायची असेल तर दिवाळीनंतरचा आठवडा किंवा नाताळ. मे महिन्याचीच तिकिटे निघाली असतील तर मावस्माई पाहावी, मुळांचे पूल पाहावेत, आणि पाण्याच्या गुहा पुढच्या खेपेला ठेवाव्यात. हिवाळ्यातही अवेळी पाऊस येतो, म्हणून आदल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा अंदाज पाहायचा. आणि वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर पैसे परत मिळतात की नाही या वादात न पडता माघारी फिरायचे.

बरे, एवढे करून आत जाऊन पाहायचे काय? चेरापुंजीजवळच्या मावम्लूह गुहेचे उदाहरण पुरेसे आहे. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या या गुहेत छतातून थेंब थेंब ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून जमिनीवर लवणस्तंभ उभे राहिले. त्यातल्या एका स्तंभाचे थर तपासले तेव्हा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दीर्घकाळ कमजोर झाल्याची खूण त्यात सापडली. इजिप्तपासून चीनपर्यंत त्याच सुमारास दुष्काळाच्या खुणा मिळतात. सिंधू संस्कृतीची नगरे ओसाड होण्याशीही काही अभ्यासक तो काळ जोडतात, काहींना ते पटत नाही. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले, ते या स्तंभावरून. आज आपण ज्या युगात जगतो त्याची आरंभरेषा मेघालयातल्या एका अंधाऱ्या गुहेत आखली गेली आहे! असे स्तंभ वाढतात वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने. त्यावर हात टेकला तर त्वचेचा तेलकटपणा दगडाला लागतो आणि तिथे चुना नीट धरत नाही. फोटोसाठी मिठी मारण्याची जागा ती नव्हे. जैंतिया टेकड्यांतल्या एका गुहेत फूटभराहून लांब, दृष्टीहीन मासे आढळले. जगातल्या गुहांत राहणाऱ्या माशांतले ते सर्वांत मोठे. अशा अंधारात पाण्यात पाऊल टाकताना कुठे टाकतो ते पाहिलेले बरे.

आता खाणींकडे. ज्या टेकड्यांत चुनखडी आहे त्याच पट्ट्यात कोळशाचे पातळ थरही आहेत, म्हणून तिथे गुहा आणि खाणी शेजारी शेजारी दिसतात. विहिरीसारखा सरळ खड्डा खणायचा आणि तळाशी थराच्या दिशेने दोन-तीन फूट उंचीची भुयारे काढत जायचे, ही तिथली पद्धत. उंदराच्या बिळासारखी म्हणून तिला ‘रॅट होल’ म्हणतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिच्यावर बंदी घातली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी पूर्व जैंतिया टेकड्यांत क्सान इथे अशा एका खाणीत पाणी घुसले आणि १५ मजूर आत अडकले. खाण साडेतीनशे फुटांहून खोल होती. कित्येक आठवडे पंप चालले, नौदलाचे पाणबुडे उतरले. दोघांचे मृतदेह तेवढे वर काढता आले.

तारीख पुन्हा पाहावी. डिसेंबर. गुहांसाठी सगळ्यात सुरक्षित मानलेला महिना. ते पाणी आकाशातून नव्हे, बाजूने आले. जुन्या खाणींत वर्षानुवर्षे पाणी साठून राहते, आणि दोन पोकळ्यांमधली भिंत किती जाड उरली आहे याचा नकाशा बहुधा कोणाकडेच नसतो. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच साठलेले पाणी फुटून सुमारे ३७५ कामगार गेले होते. ती तर नोंद असलेली, अभियंते असलेली खाण होती.

गुहेचे छत हजारो वर्षे टिकून राहिले आहे. जे पडायचे ते बहुतेक पडून गेले आहे. खाणीचे छत माणसाने काही वर्षांसाठी, लाकडाच्या टेकूवर उभे ठेवलेले असते. माणसे गेली की लाकूड कुजते. झुडपे वाढून उभ्या खड्ड्यांची तोंडे झाकली जातात. सगळ्यांत वाईट बदल मात्र हवेत होतो.

हवेचा हा भाग ग्रामीण महाराष्ट्राला ओळखीचा आहे. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला एक जण उतरतो आणि तळाशी कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाच्या मागे शेजारी. बातमीतला आकडा तीन-चारवर जातो, आणि त्यातले एक सोडून बाकी सगळे मदत करायला गेलेले असतात. खाणीत नेमके हेच घडते, फक्त दोर ओढायला वर गाव नसते.

आपण श्वास घेतो त्या हवेत जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन असतो. उघडा पडलेला कोळसा हा ऑक्सिजन हळूहळू शोषत राहतो, कुजणारे लाकूडही शोषते. हवा खेळती नसेल तर प्रमाण उतरत जाते. १६ टक्क्यांच्या खाली निर्णय चुकू लागतात, हातपाय जड होतात. १० टक्क्यांच्या खाली शुद्ध हरपते. यातली खरी फसवणूक वेगळीच आहे. गुदमरल्याची जी जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याची नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. आजूबाजूच्या हवेत ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन किंवा मिथेन भरला असेल तर माणूस नेहमीसारखा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो आणि शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. दम लागत नाही, घाबरल्यासारखे होत नाही. गुडघे मोडतात आणि माणूस खाली बसतो. कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर निदान इशारा मिळतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. तीन टक्क्यांवर धाप लागते, डोके ठणकते. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून खोलगट जागी साचतो. गुहेतही अशा जागा असतात, विशेषतः जिथे पालापाचोळा वाहून येऊन कुजतो. उतार उतरताना धाप लागली तर ती चढताना लागलेल्या धापेसारखी समजू नये. तिथून वळावे.

मेणबत्ती पेटवून हवा तपासण्याचा जुना उपाय सांगणारे अजून भेटतात. ज्योत साधारण १६-१७ टक्क्यांच्या आसपास विझते. म्हणजे ती विझेपर्यंत माणसाचे डोके मंदावलेले असू शकते. विषारी कार्बन मोनॉक्साइड असला तरी ती शांतपणे जळत राहते. आणि कोळशाच्या खाणीत मिथेन ५ ते १५ टक्क्यांदरम्यान असेल तर तीच ज्योत स्फोटाची ठिणगी ठरते. काल चांगली होती म्हणून आज हवा चांगली, असेही नसते. पावसाळी वातावरणात बाहेरचा दाब उतरला की बंद खाणीतली कोंडलेली हवा तोंडाकडे येते; जणू खाण श्वास सोडते. काल जिथे पाच मिनिटे उभे राहून फोटो काढले, तिथेच आज ते महागात पडू शकते.

म्हणून बंद पडलेल्या खाणीत, कोणी कितीही आग्रह केला तरी, उतरायचे नाही. परवानगीवाचून तिथे जाणे बेकायदेशीर तर आहेच. खाण आतून पाहायचीच हौस असेल तर त्यासाठी शिलाँगपर्यंत जाण्याचीही गरज नाही: वेस्टर्न कोलफिल्ड्सने नागपूरजवळ सावनेर इथे खाण पर्यटन सुरू केले आहे. हवा खेळवणारे पंखे, वायू मोजणारी यंत्रे आणि सोबत खाणीतला माणूस असेल तेव्हाच खाली जाणे शहाणपणाचे. भेटीचे दिवस आधी विचारून घ्यावेत.

गुहेच्या तयारीत सह्याद्रीतला अनुभव उपयोगी पडतो आणि घातही करतो. दम, तोल, एकमेकांना सांभाळून घेण्याची सवय, हे कामी येते. घात होतो तो उजेडाच्या बाबतीत. डोंगरावर टॉर्च बंद पडला तरी चांदणे असते, खाली गावाचे दिवे असतात. नाहीच काही तर पहाट होते. गुहेत पहाट होत नाही. म्हणून प्रत्येकाकडे स्वतंत्र तीन दिवे, त्यातला मुख्य डोक्यावर हेल्मेटला लावलेला, आणि सुटे सेल. मोबाइलचा उजेड यात धरू नये. हात मोकळे लागतात आणि मोबाइल पहिल्याच डबक्यात जातो.

दुसरी गल्लत कपड्यांची. आतले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, वर्षभर जवळजवळ सारखेच असते. मेघालयात ते अंगाला सुखद वाटेल इतपत गार. पण पाण्यात शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने निघून जाते. भिजलेली जीन्स घालून दोन तास वाट पाहत बसावे लागले की दात वाजू लागतात, बोलणे अडखळते, बोटांनी दोरीची गाठ सुटत नाही. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याची ही चिन्हे. कोणी अकारण चिडचिड करू लागला किंवा एकदम गप्प झाला तर त्याला समजावत बसू नये. कोरडे कपडे, गोड खाऊ आणि बाहेरची वाट. सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे किंवा लोकरीचे घालावेत, आणि एक कोरडा जोड घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवावा.

गटात किमान चार जण हवेत. एक जायबंदी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि दोघांनी मिळून मदत आणायला जायचे, असा हा हिशेब. बाहेर घोटा मुरगळला तर तासाभराचा त्रास. गुहेत दोन तास आत तो मुरगळला तर बाहेर यायला रात्र जाते. स्थानिक वाटाड्याशिवाय जायचे नाही. तिथली जमीन बहुतेक गावाची किंवा कुळाची असते आणि गावप्रमुखाला विचारल्याशिवाय आत शिरणे तिथे उद्धटपणाचे मानतात. विचारल्याचा आणखी एक फायदा: आपण आत आहोत हे गावाला माहीत होते.

ज्यांना दमा आटोक्यात नाही, फिट्स येतात, हृदयविकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. बंद जागेची भीती वाटते की नाही हे मावस्माईच्या अरुंद फटीतच कळून येते. तिथे घाम फुटला तर पुढचा बेत रद्द करण्यात लाज नाही.

वटवाघळांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. ती अशुभ नाहीत. किडे खाऊन आणि परागीभवन करून ती आपल्यावर उपकारच करतात. पण त्यांच्या विष्ठेच्या कोरड्या ढिगात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. ढीग तुडवला की तिचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात जातात. तीन ते सतरा दिवसांनी ताप, खोकला, थकवा, छातीत दुखणे सुरू होते. निरोगी माणसाला बहुधा सौम्य त्रास होऊन थांबतो. स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांना, एचआयव्हीबाधितांना तो गंभीर होऊ शकतो. त्यांनी अशा गुहा टाळाव्यात. बाकीच्यांनी कोरोनाकाळात उरलेले एन-९५ मास्क बरोबर न्यावेत. वटवाघळाला हात लावायचा नाही. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने धुवून रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. युगांडातल्या एका वटवाघळांच्या गुहेत जाऊन आलेल्या नेदरलँड्समधील पर्यटक स्त्रीचा २००८ मध्ये मारबर्ग विषाणूने मृत्यू झाला होता. आपल्याकडे महाबळेश्वरच्या एका गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नोंदवले आहे. त्यावरून माणसांत आजार पसरला असा अर्थ काढायचा नाही; पण वटवाघळांच्या वस्तीखाली डबा उघडून बसू नये, एवढा नक्की काढावा.

परत आल्यावर बूट, दोर, हेल्मेट धुवून वाळवावे. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीने लाखो वटवाघळे मारली आणि ती एका गुहेतून दुसरीत जाण्यात माणसांच्या बुटांचाही हात असावा, असे मानले जाते.

आणि दोन-तीन आठवड्यांत ताप-खोकला सुरू झाला, तर डॉक्टरांना ‘मेघालयाला गेलो होतो’ एवढेच सांगून थांबू नये. हिस्टोप्लाझ्मोसिसचा एक्स-रे क्षयासारखा दिसतो, आणि आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की पहिली शंका क्षयाचीच येते. गुहेत किती वेळ होतो, वटवाघळे होती का, पाण्यातून चाललो का, पायाला जखम होती का, हे आपणहून सांगावे. साचलेल्या पाण्यातून चालल्याचे ऐकले की मुंबईतल्या डॉक्टरला लेप्टो आठवेल. वटवाघळांचे ऐकले की बुरशीची तपासणीही सुचेल.

आत शिरण्याच्या सकाळी मात्र एकच काम विसरू नये. मुक्कामाच्या घरमालकिणीला एका कागदावर लिहून द्यायचे: गुहेचे नाव, आत जाणाऱ्यांची नावे, वाटाड्याचा नंबर, बाहेर येण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. बाहेर आल्यावर चहाच्या आधी तिला फोन करायचा.